नमुना

त्र्याहत्तर साली कुपवाडच्या शेडात
इटलीहून पेटी आली. तिच्यात यंत्र,
भुश्शात गाडलेली तेलाची बाटली
आणि तळाशी एक शेंदरी खुर्ची.
सोबतच्या चिठ्ठीत एवढंच :
या यंत्रातून असंही निघू शकतं.

साचा मात्र आला नाही.
साच्याचं लायसन दिल्लीत अडकलं,
मग भाव चढला, मग भागीदार फुटला.
दादा, म्हणजे माझे वडील, भूपाल शिरगुप्पे,
त्या यंत्रावर बादल्या काढू लागले.
लाल, निळ्या,
आणि महिनाअखेरीला उरल्यासुरल्या दाण्यांची
एक, नाव नसलेल्या रंगाची.
बत्तीस वर्षं बादल्या,
आणि समोर भिंतीला टेकून
जी कधी निघालीच नाही, ती खुर्ची.

मी तिच्याखाली झोपायचे.
पत्रा तापला की तिच्या पोटाखाली
तांबूस सावली पडायची.
तिथं उठावाची अक्षरं होती, बोटांनी वाचायची,
आणि मधोमध एक खडबडीत टिपका.
बेंबी, दादा म्हणाले.
इथनं आत आली ती. वितळलेली, एका दमात.
पाठ, बूड, चारी पाय, सगळं एकदम.
खिळा नाही, सांधा नाही.

मग खिशातनं मिरजेचं तिकीट काढलं.
सपाट उभं केलं, पडलं.
मधोमध मुडपलं, राहिलं उभं.
खुर्चीच्या पायात तीच मुडप होती,
आणि यंत्रावरचे दस्तगीरमामा, नव्वद किलोचे,
तिच्यावर बसून भाकरी खायचे.

पुढं पांढऱ्या खुर्च्या आल्या.
बारशाला, ग्रामसभेला, दवाखान्याच्या व्हरांड्यात,
एकीत एक घुसवलेल्या, टेम्पोत आडव्या.
दादा लग्नातसुद्धा खुर्ची पालथी करून बघायचे.
पाव्हणे हसायचे, आई पदर तोंडाला लावायची.
बेंबी कुठं ठेवलीया बघ, म्हणायचे,
ऐन बसायच्या जागी. टोचंल की माणसाला.
आणि मठ्ठा पिऊन झाल्यावर, हळूच :
नात आहे पण तिचीच.
गरिबाघरी दिलेली.

परवा पुण्याहून एक जण आला.
तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
फोटो काढले, मग उताणी केली.
मी श्वास धरला.
त्यानं शिक्का वाचला, साल वाचलं,
बेंबीवरनं बोट तसंच पुढं गेलं.
डाग आहेत, म्हणाला. हळदीचे का?
तरी आकडा सांगितला.
त्या आकड्यात बादल्या किती, मी मोजत राहिले,
हिशेब सुटेना.
मुंबईत हॉटेलात ठेवणार, काचेजवळ, वर दिवा.
काळजी करू नका, म्हणाला,
कुणी बसणार नाही तिच्यावर.

आई स्वाध्यायाचा ग्रंथ काखेत धरून
खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होती.
न्हाई, म्हणाली.
हिच्यावरनं उठताना माझा गुडघा बोलत न्हाई.
बाकी सगळ्यांवर बोलतो.
सोफ्यावर तर भांडतो.

तो जरा थांबला. मला वाटलं आकडा वाढवेल.
वाढवलाही. आईनं तोवर
चष्मा लावून पान उघडलं होतं.

मग मी चहा टाकला.
बसायला पालथी बादली सरकवली,
ती, नाव नसलेल्या रंगाची.
तो बसला. पाय पसरले, फोन काढला,
पायऱ्या, काच, दिवा, सगळं दाखवत बसला.
अजून अर्धा कप घेतला.
उठला तेव्हा बादलीकडं बघितलंसुद्धा नाही.

तो गेल्यावर मी तिच्या बुडावरनं हात फिरवला.
मधोमध असायला हवी होती.
दादांनी कानशीनं घासून घासून,
मग पॉलिश पेपर मारून,
इतकी सपाट केलेली की
दोनदा शोधली, लागली नाही.